अक्षरांआधी गाणे

भिवंडी हे यंत्रमागांचे शहर. मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू अशा अनेक भाषा येथील वस्त्यांतून बोलल्या जातात आणि पुष्कळ घरांच्या भिंतीपलीकडेच माग चालू असतात. अंगणवाडीत येणाऱ्या बालकाच्या कानावर भाषा पडते ती या खडखडाटातून. अशा आवाजात स्वर बहुधा ऐकू येतात. स, फ, थ यांसारखी हलकी व्यंजने मात्र आधी हरवतात. वाचनाची पहिली अडचण पुष्कळदा डोळ्यांची नसून कानाची असते. म्हणूनच बालगीत ही केवळ करमणूक नव्हे.

ऑक्सफर्ड विद्यापीठातील लिनेट ब्रॅडली व पीटर ब्रायंट यांनी १९८३ साली दाखवून दिले की, शाळेत जाण्यापूर्वी ज्या मुलांना शब्दांतील सारखे ध्वनी ओळखता येतात, ती पुढे वाचनात सरस ठरतात. गार-घार, दार-धार असे शब्द यमकात बांधून गाइले म्हणजे हा सराव सहज घडतो. मराठीत याला आणखी एक कारण आहे. ‘कमळ’ हा शब्द लिहिताना तीन अक्षरे लागतात. बोलताना मात्र तो ‘क-मळ’ असा दोनच ठोक्यांत संपतो. संथ चालीत प्रत्येक अक्षरावर टाळी देत तो म्हटला की तीनही अक्षरे सुटी ऐकू येतात. पाटीवर ती तशीच सुटी भेटणार असतात!

घरी उर्दू किंवा हिंदी बोलणाऱ्या मुलाला ‘ळ’ हा ध्वनी नवा असतो, तर तेलुगू मुलाला तो परिचित असतो. कळी, नळी, खळी हे शब्द ठेक्यात पुनःपुन्हा आले की जीभ वळते, आणि चुकले तरी समूहस्वरात कोणी हसत नाही. परंतु आरंभ मुलाच्या घरच्या गाण्यानेच व्हावा. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे १९४५ पासून आणि पुढे कोसबाड येथे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी आदिवासी बालकांसाठी जे कार्य केले, त्याची भिस्त परिसरातील साधनांवर आणि मुलांच्या परिचयाच्या जीवनावरच होती.

गाणे पाठ झाले म्हणजे वाचन आले, असे मात्र नाही. हा गैरसमज शाळांतून फार आढळतो. पाठ झालेले गाणे मोठ्या अक्षरांत फळ्यावर लिहावे, गाताना प्रत्येक शब्दाखाली बोट फिरवावे, मग मध्येच थांबून ‘हा शब्द कोणता?’ असे विचारावे. ध्वनिमुद्रित गाणी लावून हे साधत नाही; ती मुलासाठी थांबत नाहीत.

तालुक्यातील वीटभट्ट्यांवर पावसाळा संपल्यावर येणाऱ्या कातकरी कुटुंबांची मुले वर्षाचा मोठा भाग गावच्या अंगणवाडीपासून दूर असतात. पुस्तक मागे राहते, गाणे बरोबर जाते. भट्टीजवळच्या अंगणवाडीने तेच गाणे पुढे चालवावे. ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाचा १० टक्के भाग महिला व बालकल्याणासाठी खर्च करावयाचा असतो. त्यातून एक ढोलकी, झांजांचा जोड आणि मागांपासून दूर अशी शांत खोली मिळणे अवघड नाही. खोलीचे महत्त्व ढोलकीहून अधिक.

वारंवार सराव होऊनही एखादे मूल टाळीच्या ठेक्यात येत नसेल, तर त्यास मंद न ठरवता त्याचे कान तपासून घ्यावेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून अंगणवाडीतच होणाऱ्या तपासणीत श्रवणदोषाचा समावेश आहे.