आधी चाल, मग आवाज, शेवटी धूर

हा आपल्या भागाचा लेखी उतारा. बोलतानाचे 'अं' आणि 'म्हणजे' काढून टाकलेत, बाकी बरंचसं बोलले तसंच ठेवलंय.

आजचा प्रश्न साधा आहे. मॉडेल रेल्वेचं वाफेचं इंजिन विकत घेताना ते चांगलं आहे की नाही, हे ओळखायचं कसं? आपल्यापैकी बऱ्याच जणांना हे वेड लागलं ते कोथरूडच्या जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयात. भाऊसाहेब जोशींनी उभं केलेलं हे संग्रहालय 1998 मध्ये सुरू झालं. मलाही तिथेच लागलं. पण काचेपलीकडून बघणं वेगळं आणि दिवाळीच्या बोनसातले पैसे मोजणं वेगळं.

झालं असं, की एक काका त्यांच्याकडचं जुनं जर्मन इंजिन विकणार होते. एचओ मापाचं, म्हणजे खऱ्याच्या 87 पटींनी लहान. मंडईमागच्या एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्यांची खोली आहे, तिथे रविवारी सकाळी बघायला बोलावलं. मी आजोबांना सोबत नेलं. आजोबा दौंडला फायरमन होते, बरीच वर्षं कोळसा टाकलाय त्यांनी. आता कानाला मशीन आहे.

काकांनी इंजिन सुरू केलं. रुळांच्या गोलावर जोरात तीन फेऱ्या, शिट्टी, धूर. खोलीभर धूर! मी खरं सांगते, फोन काढून पैसे पाठवायच्याच बेतात होते.

आजोबा म्हणाले, "अहो, जरा हळू चालवा. आणि ती खिडकी लावा, टेंपोंच्या हॉर्नात काही ऐकू येत नाही."

इथे थोडं थांबून खरं इंजिन कसं चालतं ते बघू. वाफ सिलिंडरमध्ये जाऊन पिस्टन ढकलते. काम झालेली वाफ धुराड्यातून वर सुटते आणि सुटताना आगीतला धूरही ओढून नेते. त्यामुळे आगीला हवा मिळते, आणखी वाफ तयार होते. म्हणजे 'भक्' हा आवाज, धुराचा लोट आणि चाकाची गती या तीन गोष्टी नाहीत. एकच घटना तीन प्रकारे दिसते, ऐकू येते. मॉडेलमध्ये मात्र हे तीन वेगळे विभाग आहेत. चाक मोटर फिरवते, आवाज छोट्या स्पीकरमधून येतो, धूर तेल तापवून काढतात. हे तिघं एकमेकांशी बोलतात का, हेच आपल्याला तपासायचं असतं.

पहिली तपासणी मोजण्याची. दोन सिलिंडरच्या इंजिनात पिस्टनच्या दोन्ही बाजूंना आळीपाळीने वाफ जाते, म्हणून चाकाच्या एका फेऱ्यात बरोबर चार भक्. तीन सिलिंडर असतील तर साधारणपणे सहा. आपल्याकडच्या डब्ल्यूपी इंजिनाचं मोठं चाक सुमारे 1.7 मीटर व्यासाचं. माणसाच्या चालीने, ताशी 5 किलोमीटरने ते गेलं, तर सेकंदाला जेमतेम एक भक् होतो. ताशी 60 ला सेकंदाला बारा होतात आणि कानाला ती सलग घरघर वाटते. म्हणूनच विकणारे जोरात चालवून दाखवतात. वेगात सगळं खपून जातं.

मी चाकावर व्हाइटनरचा ठिपका दिला आणि अगदी हळू चालवायला सांगितलं. एका फेऱ्यात कधी पाच भक्, कधी सहा. इंजिन दोन सिलिंडरचंच होतं. म्हणजे आवाज चाकाशी बांधलेलाच नव्हता.

आजोबांनी डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, "अगं, ही गाडी चढावर आहे की उतारावर?"

टेबल सपाट होतं. पण मुद्दा तो नव्हता. "मंडईत हातगाडीवाला भरलेली गाडी ओढतो तेव्हाची धाप ऐक, आणि रिकामी नेतो तेव्हाची ऐक," ते म्हणाले. "इंजिनाचंही तसंच. सुटताना लांब, जड धाप. वेग धरला की छोटी, हलकी. उतारावर ड्रायव्हर रेग्युलेटर बंद करतो, मग धाप थांबते, नुसता दांड्यांचा खडखडाट राहतो." या इंजिनाची धाप मात्र कायम एकसारखी.

आजच्या चांगल्या डिकोडर चिपला हे जमतं. ती मोटरचा प्रवाह अगदी क्षणभर तोडते. तेवढ्या वेळात फिरती मोटर जनित्रासारखी वागते आणि तिच्यात तयार झालेला व्होल्टेज चिप मोजते. त्यावरून खरा वेग कळतो, ओझं किती तेही कळतं, आणि त्याप्रमाणे आवाज बदलता येतो.

दुसरी तपासणी धुराची. पंखा नसेल तर धूर उदबत्तीसारखा सरळ वर जातो. पंखा असेल आणि तो आवाजाशी जुळलेला असेल, तर प्रत्येक भक् बरोबर एक लोट सुटतो. जास्त धूर म्हणजे जास्त खरं, हा गैरसमज आहे. आजोबा म्हणाले, "सारखा काळा धूर निघाला की साहेब फायरमनला झापायचे. कोळसा नीट जळत नाही असा त्याचा अर्थ." शिवाय धुराचं तेल रुळांवर बसतं आणि चाकं घसरतात. टाकी कोरडी असताना हीटर चालू ठेवला तर तो जळू शकतो. तेव्हा थेंब मोजून घाला आणि धूर काढताना खिडकी उघडी ठेवा.

तिसरी तपासणी चालीची. इंजिन सगळ्यात कमी वेगावर ठेवा, पुढे आणि मागे दोन्हीकडे. आमचं इंजिन मध्येच गचका देत होतं. इथे माझी रोजची बग शोधायची सवय कामी आली. गचका रुळाच्या एकाच जागी बसत असेल तर दोष रुळाचा किंवा सांध्याचा. कुठेही, कसाही बसत असेल तर चाकांवर घाण आहे, वीज नीट मिळत नाही; आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पण चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात त्याच ठिकाणी बसत असेल तर दोष यंत्रणेत. डाव्या आणि उजव्या बाजूचे दांडे एकमेकांशी 90 अंशांत असावे लागतात. चाक अक्षावर जरा फिरलं की दांडे अडतात.

चाकं पुसून पाहिली. गचका तसाच, आणि दरवेळी माझा ठिपका वर आला की.

आता हिशेब करू. आवाजाची गती डिकोडरच्या सेटिंगमध्ये आकडा बदलून सुधारते. ओझ्याप्रमाणे बदलणारा आवाज हवा असेल तर डिकोडरच बदलता येतो. धुराचा भाग नवा बसवता येतो किंवा सरळ बंद ठेवता येतो. पण चाक पुन्हा अंशात बसवायला खास साधन आणि सराव असलेला हात लागतो. म्हणून तपासायचा क्रम दाखवणाऱ्याच्या उलटा ठेवा: आधी चाल, मग आवाज, शेवटी धूर.

मी इंजिन घेतलं नाही. काका चिडले नाहीत, उलट दांड्यांकडे भिंग लावून बघत बसले. जिना उतरताना आजोबा म्हणाले, "मला वाटलं घेशील." त्यांना हवं होतं, हे मला तेव्हा कळलं.

ब्रॉडगेजवरची वाफेची नियमित गाडी 1995 च्या डिसेंबरात संपली, माझ्या जन्माच्या आधी. मला जे 'खरं' वाटतं ते सगळं रेकॉर्डिंगमधलं. आजोबांना मात्र चढ आणि उतार आवाजावरून कळतो, आणि त्यांना आता कमी ऐकू येतं. तुमच्या घरी किंवा शेजारी कोणी जुने रेल्वेवाले असतील तर इंजिन घ्यायच्या आधी त्यांना ऐकवा. ते काय म्हणाले, ते मला जरूर कळवा.

आम्ही दुसरं इंजिन शोधतोय. यावेळी आजोबाच म्हणालेत, आधी हळू चालवून बघू. भेटू पुढच्या भागात.