दिव्यातले तेल

गवयाच्या घरी ‘तयारी’ हा शब्द दिवसातून दहा वेळा कानावर येतो. अमक्याचा गळा तयार, तमक्याची तान अजून तयार नाही. माझे वडील दरबारी गवई आणि मी गाण्याच्या शिकवण्या करणारा, त्यामुळे या शब्दाने आमची पाठ कधी सोडली नाही. वडिलांच्या स्नेह्यांत गोव्याकडचे एक ख्रिस्ती क्लॅरिनेटवादक होते. मत्तयाच्या शुभवर्तमानातील दहा कुमारींची गोष्ट मी प्रथम त्यांच्याच तोंडून ऐकली.

वराची वाट पाहत दहा मुली दिवे घेऊन बसल्या होत्या. पाचजणींनी कुपीत जादा तेल आणले होते, पाचजणींनी नाही. वराला उशीर झाला, साऱ्या पेंगल्या, आणि मध्यरात्री हाक आली. ज्यांचे दिवे विझू लागले त्यांनी तेल मागितले. शहाण्या मुलींनी ते दिले नाही. बिचाऱ्या दुकानाकडे धावल्या, आणि परत येतात तो दार बंद!

आपल्याकडच्या वाचकाला येथे हटकून खटकते. मागणाऱ्याला विन्मुख पाठवू नये हे आपण आजीच्या मांडीवर शिकलो. मग चार थेंब दिले असते तर काय बिघडले असते? मलाही लहानपणी असेच वाटे. परंतु ऐन मैफलीत गळा उसना मिळत नाही हे गाणाऱ्याला सांगावे लागत नाही. शेजारी कितीही उदार असो, पहाटेचा खर्ज त्याचा त्यालाच लावावा लागतो. त्या कुपीतले तेल हे अशा जातीचे आहे.

गंमत अशी की पुष्कळ लोक ही गोष्ट वाचून पुस्तक मिटतात. हाच पंचविसावा अध्याय शेवटाला न्यायाच्या दिवसापाशी येतो, आणि तेथे राजा जपतपाची चौकशीच करीत नाही. भुकेल्याला अन्न, तान्हेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची विचारपूस, बंदिवानाची भेट, एवढेच तो विचारतो. ज्यांनी हे केले त्यांना आपण राजालाच जेवू घातले याचा पत्ताही नसतो. जे देता येत नाही ते न दिल्याचा दोष नाही. भाकर तर देता येते, आणि ती दिली की नाही हीच तयारीची परीक्षा. आमचे क्लॅरिनेटवाले काका दोन्ही गोष्टी एका दमात सांगत. मधे थांबलात तर राग अर्धा राहील, असे म्हणत.

स्वतः काका गरिबाघरचे. गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवण्याची जुनी चाल होती. प्रार्थनेला गाणारे हवेत हा चर्चचा स्वार्थ त्यात होताच. पण त्या शिक्षणावर कित्येक कुटुंबे मुंबईत आणि संस्थानांच्या बँडांत पोटाला लागली. शिकवण्या करणाऱ्या माणसाला हा दानधर्म फार मोलाचा वाटतो.

या अध्यायातल्या सहा कामांत मृतांना मूठमाती देणे हे सातवे घालून ख्रिस्ती परंपरेने दयेची सात कामे मोजली. 1498 साली लिस्बनमध्ये राणी लिओनोरच्या आश्रयाने निघालेली मिझेरिकॉर्दिया ही संस्था याच कामांसाठी, आणि तिची शाखा सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातच गोव्यात आली. परंतु त्याच गोव्यात 1560 साली धर्मन्यायालय बसले, हे विसरून चालणार नाही. दीवाडी बेटावरचा सप्तकोटेश्वर नदीपलीकडे डिचोली महालात नेऊन लपवावा लागला. नार्वे येथे 1668 साली शिवछत्रपतींनी त्याचे देऊळ पुन्हा बांधविले. परक्याला आसरा द्या असे सांगणाऱ्या धर्माच्या राज्यातून देवालाच आसरा शोधीत निघावे लागले! याची टोचणी प्रामाणिक ख्रिस्ती मनालाही असणारच.

पण त्याच भूमीत जोसेफ वाझही जन्मले. 1651 साली बाणावलीला. डचांनी सिलोनमध्ये कॅथलिक पाद्र्यांना बंदी केली होती, तेव्हा हे 1687 साली मजुराच्या वेषात तेथे उतरले. कॅंडीच्या राजाने हेर समजून त्यांना कैदेत टाकले. पुढे 1697 साली कॅंडीत देवीची साथ आली. लोक घरच्या रोग्यांना रानात टाकून जाऊ लागले. वाझांनी त्यांच्यासाठी झोपड्या उभारल्या, जात-धर्म न विचारता शुश्रूषा केली, मेलेल्यांना पुरले. 1711 साली ते तिकडेच वारले, गोवा पुन्हा दिसला नाही. 2015 साली पोपनी कोलंबोत त्यांना संतपद दिले. साथ काही आगाऊ वर्दी देऊन आली नव्हती. कुपीत तेल होते म्हणून हे झाले.

डिचोली आणि पेडणे हे महाल पोर्तुगीजांकडे उशिरा, 1781 ते 1788 या काळात आले. तोवर बळजबरीचा जोर ओसरला होता. म्हणून तेथली देवळे राहिली आणि ख्रिस्ती वस्ती थोडी. तेथे शेजारधर्माने आपली वाट काढली. मोरजीची मोरजाई, शिरगावची लईराई, मयेची महामाया, मुळगावची केळबाई या बहिणी. त्यांचीच एक बहीण मिराबाई म्हापशाला गेली आणि मिलाग्रिस सायबीण झाली, असे लोक सांगतात. लईराईच्या जत्रेत निखाऱ्यांवरून चालणारे धोंड आधी कित्येक दिवस व्रतस्थ राहतात. तीही तयारीच, आणि तीही उसनी मिळत नाही. म्हापशाहून लईराईला तेल जाते, शिरगावहून सायबिणीला मोगरीची फुले येतात.

ईस्टरनंतरच्या तिसऱ्या सोमवारी म्हापशाला सायबिणीचे फेस्त असते. एके वर्षी मी गेलो होतो. पेडण्याकडची एक नऊवारीतली म्हातारी तेलाची बाटली घेऊन रांगेत माझ्यापुढे होती. तेल वाहून झाल्यावर ती बाहेर आली, पदराची गाठ सोडली आणि दारापाशी बसलेल्या भिकाऱ्यांना ओळीने एकेक नाणे देत गेली. कोणी सुटला नाही ना, म्हणून मागे वळून पाहिले. मी सहज विचारले, “आजी, हेही सायबिणीचे का?”

“भयणीकडे आयल्यार रित्या हातान कशें वचप?” ती म्हणाली. मग भिकाऱ्यांकडे हनुवटी करून, “हींय तिचींच.”

आणखी बोललो असतो. पण तिला पेडण्याची शेवटची बस गाठायची होती.