गोळी दिली, पण घरी कोण गेले?

"डॉक्टर, छातीत धडधडतं, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. बी.पी.ची गोळी जरा वाढवून द्या." श्रीवर्धनकडचे एक बागायतदार असे तीनदा माझ्याकडे आले. २०२० च्या निसर्ग वादळानंतरचा तो हिवाळा. रक्तदाब ठीक, कार्डिओग्रामही ठीक. मी ॲसिडिटीची गोळी दिली, नंतर झोपेचीही. बाहेर पन्नास पेशंट ताटकळलेले असताना आणखी काय विचारणार, अशी मी स्वतःचीच समजूत घालत होतो.

त्यांच्या घरी गेल्या त्या समाजसेविका. ३ जूनच्या वादळात सुपारीची वाडी आडवी झाली होती. नवे रोप धरायला पाच-सात वर्षे लागतात आणि काका साठीच्या पुढचे. चहा घेता घेता काकूंनी माजघरात हळूच सांगितले, "पहाटे उठून विहिरीच्या कठड्यावर बसून राहतात हो." हे वाक्य माझ्या केसपेपरवर कधीच आले नसते.

बाईंनी त्याच दिवशी मुंबईच्या मुलाला बोलावून घेतले आणि काकांना मनोविकारतज्ज्ञांकडे नेले. निदान झाले नैराश्याचे. या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. तोवर बरेच जण "काही फरक नाही" म्हणून त्या सोडतात. बाई दर आठवड्याला जात राहिल्या. भरपाईचे अडकलेले कागदही त्यांनीच तलाठ्याकडे नेले. हाही उपचारच, असे मी आता मानतो.

शेजारच्या गोव्यात 'संगाथ' संस्थेने हे पडताळून पाहिले आहे. २४ दवाखान्यांतल्या 'मानस' प्रयोगात डॉक्टर नसलेल्या, शिकवून तयार केलेल्या स्थानिक स्त्रिया पेशंटशी बोलत, घरची विचारपूस करत. २०१० मध्ये निष्कर्ष आले: सरकारी दवाखान्यांत सहा महिन्यांनी शंभरातले ६६ बरे, एरवीच्या पद्धतीत ४३ च्या आत. खाजगी दवाखान्यांत मात्र फारसा फरक पडला नाही. तिथे डॉक्टर घरोब्याचा असतो, म्हणून असेल.

१९९६ साली सुरू झालेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकातही समाजसेवकाची जागा आहे. पण पथक एक आणि जिल्हा अलिबागपासून पोलादपूरपर्यंत!

तेव्हा घरात कोणी असे गप्प झाले असेल, तर आपल्या आशाताईंच्या कानावर जरूर घाला. १४४१६ या 'टेली-मानस'च्या नंबरवर रात्री-अपरात्रीही फुकट बोलता येते, आणि मराठीतून.

काका हल्ली येतात ते बी.पी. तपासायलाच. परवा नव्या रोपांना सावलीसाठी केळी लावल्याचे सांगत होते.