भाट्याच्या खाडीवरील एक दुपार

आमचें श्रीपूर उसाचें गांव. सोलापूर जिल्ह्यांतील या भागांत पाणी म्हणजे नदीचें आणि पाटाचें. समुद्र आम्हांस केवळ सहलीपुरता ठाऊक. त्यांतून आमचें घर शाकाहारी. तेव्हां कार्तिकांत रत्नागिरीस बिऱ्हाड केलें असतां आमच्या पुतण्यानें सामानांतून गळाची काठी बाहेर काढली आणि वडील मंडळींच्या कपाळास आठ्या पडल्या, यांत नवल नाहीं. "जो जीव खायचा नाहीं, त्याला उगाच पीडा कशाला?" असें आमच्या मातोश्रींनीं विचारलें. याचें उत्तर आम्हांपाशीं नव्हतें. निदान पाहून तरी यावें, म्हणून आम्ही त्याच्याबरोबर निघालों.

तो दिवस वद्य तृतीयेचा. कोंकणांतील जुनीं माणसें भरतीची वेळ तिथीवरून सांगतात. तिथीची पाऊणपट करावी. साधारण तितक्या वाजतां पूर्ण भरती. तिहींची पाऊणपट सव्वादोन. तेथून पुढें सहा तासांहून थोडा अधिक वेळ ओहोटी. पौर्णिमा नुकतीच होऊन गेली असल्यामुळें उधाणाचा जोर अजून ओसरला नव्हता. भाट्याजवळ काजळी नदी समुद्रास मिळते. पलीकडच्या तीरास राजिवड्याची मच्छीमारांची वस्ती, वर ब्रह्मदेशाच्या थिबा राजासाठीं बांधलेला, १९१० सालीं पुरा झालेला राजवाडा, आणि अलीकडे आम्ही उभे होतों ती वाळू. ओहोटी लागली कीं खाडींतील कोळंबी व बारीक मासळी पाण्याबरोबर मुखाकडे ओढली जाते, आणि मोठे शिकारी मासे प्रवाहाच्या कडेला, खडकाच्या आडोशास टपून बसतात. "काका, आतां त्यांची पंगत बसायची वेळ झाली," पुतण्या म्हणाला.

गळास गांडूळ किंवा कोळंबी लावायची, एवढेंच आम्हांस ठाऊक होतें. परंतु त्याच्या डब्यांत जिवंत असें कांहींच नव्हतें. बोटाएवढ्या प्लॅस्टिकच्या मासोळ्या, रबरी कोळंब्या आणि पत्र्याचे चकचकीत चमचे, अशीं तीं सारीं नकली आमिषें. मासोळीच्या हनुवटीस एक पारदर्शक जीभ असते. दोरी ओढली कीं पाण्याचा दाब त्या जिभेवर पडतो, आणि मासोळी खालीं बुडून डावीउजवीकडे थरथरत पोहूं लागते. माशाच्या दोन्ही कुशींवरून पार्श्वरेखा नांवाची जी ओळ जाते, तिला पाण्यांतील कंप कळतात. म्हणून गढूळ पाण्यांतही शिकाऱ्यास सावजाची चाहूल लागते. खरी विद्या आहे ती रीळ फिरविण्यांत. सारखी ओढ दिली तर मासा पुष्कळदां नुसता मागोमाग येतो. मध्येंच थांबलें, कीं सावज थकलें असें समजून झडप घालतो. मुख्य दोरी बारीक व विणलेली. पण टोकाला जाड तंगूस बांधावा लागतो, कारण जिताड्याच्या कल्ल्यांच्या झांकणाची कड सुरीसारखी धारदार असते.

हा छंद साहेबी, असा आमचा समज होता. तोही टिकला नाहीं. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानें इ. स. ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यांत 'मत्स्यविनोद' हें प्रकरण असून समुद्रांतील व नद्यांतील माशांचे प्रकार, त्यांचीं आमिषें, गळ, दोरी आणि काठी यांचें वर्णन आहे. आयझॅक वॉल्टनचा प्रसिद्ध इंग्रजी ग्रंथ १६५३ चा, म्हणजे पांचशें वर्षांहून अधिक काळानें मागाहूनचा. अर्थात् ग्रंथांत आहे एवढ्यानें गोष्ट योग्य ठरत नाहीं, हें आम्ही जाणून आहों.

दीड-दोन तास कांहींच घडलें नाहीं. साडेचारच्या सुमारास काठी एकाएकीं वांकली आणि रिळांतून दोरी कुरकुरत सुटली. दूरवर एक रुपेरी मासा पाण्याबाहेर उसळला, त्यानें तोंड वासून डोकें झाडलें आणि तो पुन्हां बुडाला. बऱ्याच वेळानें कडेला आला तो दोन हात लांबीचा जिताडा. गळाचे उलटे कांटे पुतण्यानें घरींच पकडीनें दाबून सपाट केले होते. त्यानें माशास पाण्याबाहेर न काढतांच गळ सोडविला आणि कल्ले नीट चालूं लागेपर्यंत त्याला प्रवाहाकडे तोंड करून धरिलें. मग शेपटीचा एक फटकारा बसला आणि मासा दिसेनासा झाला.

जवळच एक वृद्ध गृहस्थ पाग टाकीत होते. ते कळवळून म्हणाले, "अहो, सोडलात? तुम्हांला नको होता, तर मला द्यायचा होतात! आमचा चार दिवसांचा खर्च निघाला असता."

पुतण्या वरमला. जिताडा जन्मतः नर असतो व कांहीं वर्षांनीं त्याची मादी होते. म्हणून एवढे मोठे मासे बहुधा माद्याच असतात, त्या खाडीच्या मुखाशीं खाऱ्या पाण्यांत लाखों अंडीं घालतात, असें त्यानें समजावून सांगितलें. म्हाताऱ्यांनीं सारें ऐकून घेतलें. "खरं असेल," ते म्हणाले, "पण सोडायला आधीं पोट भरलेलं असावं लागतं." यावर आम्हां दोघांसही बोलतां येईना. पुढें तासाभरानें एक मध्यम आकाराची तांबोशी लागली. ती पुतण्यानें नेऊन त्यांच्या टोपलींत घातली.

रात्रीं मातोश्रींनीं सारी हकीकत काढून घेतली. "तो सोडलेला जगला का?"

"पोहत गेला, आजी."

"पुढचं कोणी पाहिलं?"

"नाहीं."

गळ लागलेल्या माशाचें दुःख पाण्यांत सोडल्यानें पुसून जात नाहीं, हें आम्हांस त्या दुपारीं पटलें. मात्र मोठी मादी सोडणारा हात आणि पोटासाठीं पाग टाकणारा हात, यांपैकीं कोणाला दोष द्यावा, हें घरीं बसून ठरविणें आतां आम्हांस तितकें सोपें वाटत नाहीं. छंद सोड, असें पुतण्यास कोणी म्हटलें नाहीं. त्यानेंच दुसऱ्या दिवशीं काठी गुंडाळून ठेविली. मातोश्रींनीं एवढेंच विचारलें, "आणि ती तांबोशी?"

"त्यांच्या घरीं शिजली असेल."

"मग ती तरी कोणाच्या मुखीं लागली," असें म्हणून त्यांनीं देवापुढचा दिवा सारखा केला.