संशयावरून कोणाची रोजी जाऊ नये



समजा, राजुऱ्याकडच्या एका गावातला पोरगा ठेकेदाराकडे डम्पर चालवतो. एका रात्री पानठेल्यामागून पोलीस चार पोरांना ठाण्यात नेतात. एकाच्या खिशात गांजाची पुडी सापडते, याच्याजवळ काहीच सापडत नाही. सकाळी याला सोडून देतात. तो ड्युटीवर जातो तर सुपरवायझर गेटवरच म्हणतो, "ठाण्यातून फोन आला होता. तू गांजा पितोस म्हणे. उद्यापासून येऊ नको." घरी म्हातारी आई, बायको, दोन लेकरं आणि बचत गटाच्या कर्जाचा हप्ता.

पोलिसांनी असा फोन करावा का? आणि तेवढ्यावर काम काढून घेता येतं का? आज हेच समजून घेऊ.

अमली पदार्थांचा कायदा १९८५ चा आहे. गांजा पिणं हा त्यात गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. पण शिक्षा कोर्ट देतं, ठाणेदार देत नाही. पोलिसांचं काम तपास करून पुरावा कोर्टापुढे ठेवण्याचं. नुसता संशय मालकाच्या कानावर घालावा, असं काम या कायद्याने त्यांच्यावर सोपवलेलं नाही.

दुसरी गोष्ट. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा प्रत्येकाचा मूलभूत हक्क आहे. सरकारी माणसाला त्यात हात घालायचा तर कायद्याचा आधार पाहिजे, योग्य कारण पाहिजे, आणि तेही गरजेपुरतंच. सहज केलेला फोन यात बसवणं कठीण आहे.

संशय किती फसवा असतो, ते सगळ्या देशाने पाहिलं आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईच्या क्रूझवरच्या धाडीत आर्यन खान या तरुणाला अटक झाली. त्याच्याजवळ अमली पदार्थ सापडला नव्हता. तरी त्याच्या मोबाईलमधले संदेश टीव्हीवर फिरले. तीन आठवड्यांहून जास्त काळ तो कोठडीत होता. मे २०२२ मध्ये त्याच केंद्रीय विभागाने पुरेसा पुरावा नाही म्हणून त्याचं नाव आरोपपत्रात घेतलं नाही. तो मोठ्या घरचा, वकील उभे करू शकला. आपल्या पोराची गेलेली रोजी कोण परत आणून देणार?

आता मालकाची बाजूही बघू. नशेत डम्पर चालवला तर दुसऱ्याचा जीव जातो. त्यामुळे ड्युटीवर आलेला माणूस शुद्धीत आहे का, हे पाहणं मालकाचं कामच आहे. त्यासाठी डॉक्टरकडून तपासणी करावी. हेही लक्षात ठेवा, गांजाचा अंश लघवीत बरेच दिवस राहतो. तो सापडला म्हणजे माणूस कामावर नशेत होता असं ठरत नाही. कायम कामगार असेल तर त्याला आरोप लेखी द्यावा लागतो आणि त्याची बाजू ऐकावी लागते. ठेकेदारीवरचा माणूस इथेच उघडा पडतो, म्हणून त्याने सगळं लेखी मागावं.

काही ठिकाणी माहिती रीतसर जाते. सरकारी नोकर ४८ तासांहून जास्त कोठडीत राहिला तर राज्याच्या १९७९ च्या नियमांप्रमाणे तो निलंबित मानला जातो, त्यामुळे कार्यालयाला कळतंच. नोकरीसाठी चारित्र्य पडताळणी होते, तेव्हाही दाखल असलेला गुन्हा समोर येतो. फॉर्ममध्ये विचारलं असेल तर लपवू नका. लपवलं म्हणूनही नोकरी जाऊ शकते.

घरात असं घडलं तर काय करायचं?

पहिलं, अटक झाली होती की फक्त चौकशीला नेलं होतं, ते नीट विचारा. अटक असेल तर कारण सांगावं लागतं, घरच्यांना कळवावं लागतं आणि २४ तासांच्या आत न्यायाधीशांपुढे उभं करावं लागतं.

दुसरं, कामावरून काढण्याचं कारण लेखी मागा. कोऱ्या कागदावर किंवा राजीनाम्यावर सही, अंगठा देऊ नका.

तिसरं, फोन कोणी केला, कधी केला, कोणाला केला, हे लिहून ठेवा. जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. राज्य मानवी हक्क आयोगाकडेही तक्रार करता येते.

चौथं, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, किंवा १५१०० वर फोन करा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, कोठडीतला माणूस आणि कारखान्या-खाणीतला कामगार यांना फुकट वकील मिळतो.

आणि पोरगा खरंच नशा करत असेल तर? तर तो आजार आहे, उपचार करा. १४४४६ या हेल्पलाइनवर सल्ला मिळतो. थोड्या मालाच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यात व्यसनी माणसाने स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात पूर्ण उपचार घेतला, तर त्याच्यावर खटला चालत नाही, अशी सोय याच कायद्यात आहे. अर्धवट सोडला तर ती सोय जाते. आणि डॉक्टरने रुग्णाची माहिती गुप्त ठेवावी, हे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात लिहिलं आहे. रोजी टिकली तरच माणूस उपचाराला टिकतो.

शेवटी आपल्या गटांबद्दल. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली, २०२१ मध्ये उठली. ती आणायला आपल्याच बाया रस्त्यावर उतरल्या होत्या. विकणाऱ्याचं नाव आपण पोलिसांना बेधडक सांगतो, सांगायलाच पाहिजे. पण पिणाऱ्याचं नाव ठेकेदाराच्या कानावर घालण्याआधी थांबा. त्या नावामागे एक चूल असते, आणि ती चूल आपल्यातलीच कोणी बाई पेटवत असते.

हा विषय येत्या बैठकीत वाचून दाखवा आणि दोन्ही नंबर गटाच्या वहीत लिहून ठेवा.