पोलिसांचा फुटबॉल आणि आपले हैदराबाद

अफझलगंजहून गोशामहलला पायी जायचे म्हटले तरी अर्ध्या तासाची वाट. उस्मानिया इस्पितळाचे घुमट मागे टाकले, बाजारातली गर्दी ओलांडली की थोड्याच वेळात पोलिसांचे मैदान येते. ३१ जानेवारी २०२५ रोजी याच मैदानात उस्मानिया इस्पितळाच्या नव्या इमारतीची पायाभरणी झाली. १९२५ साली पुरी झालेली मुसीकाठची जुनी इमारत आता थकली आहे, २०२० च्या पावसाळ्यात तर तिच्या वॉर्डांत पाणी शिरले होते. तेव्हा इस्पितळाला जागा हवी होती यात वाद नाही. पण पायाभरणीची बातमी आली त्या दिवशी आमच्याकडे चहाला जमलेल्या दोघा-तिघा वृद्धांच्या बोलण्यात इस्पितळ आलेच नाही. पोलिसांचे मैदान म्हटल्यावर त्यांना आठवला तो पोलिसांचा फुटबॉल.

आमच्या मराठी मंडळींना फुटबॉलचे फार वेड होते असे म्हणता येणार नाही. विवेक वर्धिनीच्या मुलांचा जीव क्रिकेटवर, फार तर हुतूतूवर. कोल्हापुरात जशी एकेका तालमीची फुटबॉलची फळी असते आणि सामन्याच्या दिवशी अख्खी पेठ मैदानावर लोटते, तसे आमच्याकडे नव्हते. तरीही ‘सिटी पोलीस जिंकले’ ही बातमी आमच्या घरात ‘आपण जिंकलो’ अशीच सांगितली जात असे.

हा संघ प्रथम सिटी अफगाण्स या नावाने खेळे. पुढे तो हैदराबाद सिटी पोलीस झाला. नॉर्बर्ट अँड्र्यू फ्रुव्हॉल या पोलीस अधिकाऱ्याने त्याची उभारणी केली. १९४३ साली बंगलोरला ॲश सुवर्णचषकाच्या अंतिम सामन्यात या पोलिसांनी रॉयल एअर फोर्सच्या संघाला हरवले. इंग्लंडचा नामांकित क्रिकेटपटू आणि फुटबॉलपटू डेनिस कॉम्प्टन त्या संघातून खेळत होता. हैदराबादबाहेर पोलिसांचे नाव झाले ते तेव्हापासून. खेळणारे सारे नोकरदार. पगार पोलीस खात्याचा, खेळ हौसेचा. आज खेळाडूंच्या किमती वर्तमानपत्रांत छापून येतात, त्या वाचणाऱ्या तरुणांना ही गोष्ट खरी वाटणार नाही.

१९५० साली संघाची सूत्रे सय्यद अब्दुल रहीम यांच्याकडे आली. रहीमसाहेब मूळचे शाळामास्तर. उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर आणि त्या विद्यापीठाच्या संघाचे खेळाडू. काचीगुडा, चादरघाट येथील शाळांतून त्यांनी मुलांना शिकविले. चाळीसच्या दशकातच ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे चिटणीस झाले होते आणि अखेरपर्यंत त्या जागी राहिले. माझ्या मते त्यांच्यातला शिक्षक त्यांच्यातल्या प्रशिक्षकाहून कधीच वेगळा झाला नाही.

त्यांनी मुलांसाठी एक निराळ्याच तऱ्हेच्या स्पर्धा सुरू केल्या. त्यांत चेंडू पायाशी खेळवत, प्रतिस्पर्ध्याला झुकांड्या देत पुढे न्यायला मनाई असे. चेंडू आला की तो लागलीच दुसऱ्याला द्यायचा. आपल्याकडच्या मुलांना ही शिक्षाच वाटली असणार. गल्लीत ज्याला तीन जणांना चकवता येते तोच मोठा खेळाडू, अशी समजूत तेव्हाही होती, आजही आहे. परंतु या नियमाने मुलगा मान वर करून पाहायला शिकतो. चेंडू येण्याआधीच आपला माणूस कुठे उभा आहे हे त्याने हेरलेले असावे लागते. शिवाय उजवा पाय चालतो तसा डावाही चालला पाहिजे हा रहीमसाहेबांचा आग्रह. गणिताच्या मास्तराने पाढे उलटे म्हणून घ्यावेत, त्यातलाच हा प्रकार.

याचे फळ लगेच दिसले. १९५० ते १९५४ अशी लागोपाठ पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक हैदराबाद सिटी पोलिसांनी जिंकला. स्वातंत्र्यानंतर ड्युरँड स्पर्धा पहिल्यांदा १९५० च्या हंगामात दिल्लीला भरली. तिच्या अंतिम सामन्यात कलकत्त्याच्या मोहन बागानशी बरोबरी झाली आणि फेरसामन्यात पोलिसांनी बाजी मारली. १९५४ साली रोव्हर्सबरोबर ड्युरँडही पुन्हा हैदराबादला आला.

हे कोणत्या वेळी घडत होते ते ध्यानात घ्यावे. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईला तेव्हा अवघी दोन-तीन वर्षे झाली होती. बाहेरगावी ‘मी हैदराबादचा’ असे सांगितले की ऐकणारा क्षणभर आपल्याकडे निरखून पाहत असे. माझे वडील सांगत, त्या काळात मुंबईच्या नातेवाइकांकडे गेले की पहिला प्रश्न रझाकारांचा असायचा. पुढे-पुढे मात्र पहिला प्रश्न नूर महंमदचा आणि अझिझुद्दीनचा येऊ लागला. कूपरेजवर त्यांचा खेळ पाहिलेली माणसे वडिलांनाच त्यांच्याविषयी सांगू लागत आणि वडील, ज्यांनी आयुष्यात चेंडूला पाय लावला नव्हता, मोठ्या अभिमानाने माना डोलावीत.

मग १ नोव्हेंबर १९५६ उजाडला. हैदराबाद संस्थानाचे राज्य तीन ठिकाणी वाटले गेले. औरंगाबादला दिलेली आत्या मुंबई राज्यात गेली, गुलबर्ग्याचे मामा म्हैसूर राज्यात आणि आम्ही अफझलगंजात बसल्या जागी आंध्र प्रदेशात आलो. भाषावार प्रांतरचना ही न्यायाचीच गोष्ट होती, मराठवाड्याने तर ती मागूनच घेतली होती. पण ज्या घरांतली लग्ने याच तीन टोकांना जोडत झाली होती, त्यांना त्या दिवशी आपण कोठले हे सांगणे अवघड गेले.

त्याच महिन्यात मेलबर्नचे ऑलिंपिक सुरू झाले. रहीमसाहेब भारतीय संघाचे प्रशिक्षक, आणि संघात नूर महंमद, अझिझुद्दीन, अहमद हुसेन, झुल्फिकारुद्दीन आणि सिकंदराबादेजवळच्या अम्मुगुड्याचा कोवळा बलराम. चार वर्षांपूर्वी हेलसिंकीला हाच देश युगोस्लाव्हियाकडून दहा विरुद्ध एक गोलांनी हरला होता. यावेळी १ डिसेंबरला ऑस्ट्रेलियाला ४–२ ने हरवून तो उपान्त्य फेरीत गेला आणि चौथा आला. त्या सामन्यातील तीन गोल मुंबईच्या नेव्हिल डिसूझाचे.

मला अधिक नवल वाटते ते यापुढच्या गोष्टीचे. राज्य गेले, पण फुटबॉलमध्ये हैदराबादचे नाव गेले नाही. १९५६-५७ चा संतोष करंडक त्रिवेंद्रमला ‘हैदराबाद’ या नावाच्या संघाने जिंकला, अंतिम सामन्यात मुंबईला ४–१ ने हरवून. पुढल्या वर्षी स्पर्धा येथेच भरली आणि पुन्हा मुंबईच समोर आली. निकाल ३–१, करंडक घरीच राहिला. आत्याबाई कागदोपत्री आता मुंबई राज्याच्या. त्यांनी त्या दिवशी कोणाच्या जयाची इच्छा धरली असेल हे विचारायची गरज नव्हती. १९५९ साली हैदराबाद आणि आंध्र या दोन्ही असोसिएशन एक झाल्या तेव्हा कुठे ते नाव मागे पडले. सिटी पोलिसांचेही आंध्र प्रदेश पोलीस झाले. १९६१ चा ड्युरँड त्यांनी नव्या नावाने जिंकला. आमच्या घरी मात्र ‘सिटी पोलीस’च.

४ सप्टेंबर १९६२ रोजी जकार्ताला दक्षिण कोरियाला २–१ ने हरवून भारताने एशियाई सुवर्णपदक मिळविले, तेव्हा रहीमसाहेबांना कर्करोगाने ग्रासले होते. ११ जून १९६३ ला ते गेले. वय त्रेपन्न. संघ लगेच ढासळला असे नाही, १९६५-६६ चा संतोष करंडक आंध्र प्रदेशने जिंकला. पण चांगली पोरे कलकत्त्याची वाट धरू लागली होती. बलराम आधीच गेला होता, मागाहून नईमुद्दीन आणि हबीब गेले. पुढची पोरे घडविणारा मास्तर मात्र आता नव्हता. दोष कलकत्त्याला देण्यात अर्थ नाही.

२०१९ साली हैदराबादच्या नावाचा व्यावसायिक संघ उभा राहिला. त्याने २०२१-२२ ची इंडियन सुपर लीगही जिंकली, पण अंतिम सामना झाला गोव्यात. २०२५ साली तो संघ दिल्लीला गेला आणि त्याचे नावही बदलले. रहीमसाहेबांच्या जीवनावरचा ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट २०२४ साली पडद्यावर आला, तेवढ्यापुरते नातवंडांना आजोबांचे म्हणणे खरे वाटले.

अफझलगंज, गौलीगुडा, सुलतान बाजार येथील जुन्या घरांत त्या सामन्यांची कात्रणे, एखादे तिकीट, संघाचे छायाचित्र पडून असण्याचा संभव आहे. दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीत जाऊ देऊ नका. छायाचित्राच्या पाठीमागे नावे लिहून ठेवा. चेहरे ओळखणारी माणसे अजून दोन-चार आहेत, त्यांना विचारून.