आधी सीट, मग गाडी

आषाढात भाचीला सातवा महिना लागला आणि आमच्या घरात गाडीचा विषय निघाला. ती निपाणीची लेक, सासर बेळगावात. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे बाळ तीन महिन्यांचं झालं की डिसेंबरच्या सुमारास ती त्याला घेऊन सासरी जाणार. निपाणी ते बेळगाव, साधारण ७५ किलोमीटर, हायवेनं, तवंदी घाट ओलांडून. सीमाभागात लेकींची सासर-माहेरं अशीच पसरलेली असतात. कुणी कागलची खानापूरला, कुणी गडहिंग्लजची चिक्कोडीला. इथल्या बहुतेक बाळांचा पहिला मोठा प्रवास हाच असतो.

गाडी कशी हवी यावर प्रत्येकाचं मत तयार होतं. जावईबापूंना मायलेज हवं, भाचीला पांढरा रंग, तिच्या आईला, म्हणजे आमच्या आक्काला, मोठी डिकी, कारण पाठवणीला पाळणा, डिंकाचे लाडू, दुपटी आणि धान्य असं सगळं जायचं. मी विचारलं, "बाळ कुठं बसणार?"

आक्का म्हणाली, "कुठं म्हणजे? मी मागं बसते की त्याला मांडीवर घेऊन. तुम्हा सगळ्यांना मांडीवरच आणलंय."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. पण त्या वेळी गाड्या चाळीसच्या वेगानं धावत होत्या आणि रस्ता दुपदरी होता. आज तोच रस्ता, पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ४ आणि आताचा ४८, आपल्याला सहज ऐंशी-नव्वदनं नेतो. मांडी मात्र तीच आहे. म्हणून मी वही घेतली आणि आक्कापुढं हिशेब मांडला. तोच इथं मांडतो.

गाडी ताशी ५० किलोमीटरनं चालली आहे असं धरा. म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. समोर काहीतरी आदळलं. गाडीचं नाक चेपत जाऊन ती साधारण ६० सेंटिमीटरमध्ये थांबते. याला लागणारा वेळ सेकंदाच्या बाराव्या भागाइतका. एवढ्या थोड्या अंतरात वेग शून्यावर आणायचा तर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १६ पट जोर लागतो. तीन महिन्यांचं बाळ पाच किलोचं असलं, तर त्या क्षणी आजीच्या हातांना ते ८० किलोचं होतं. सिमेंटचं दीड पोतं! तेही न सांगता, डोळ्याची पापणी लवायच्या आत. पैलवानाच्या हातूनही ते सुटेल, प्रेमानं घट्ट धरलेल्या आजीच्या हातूनही सुटेल. वेग ६४ असेल तर हाच आकडा १३० किलोच्या पुढं जातो.

"मग मी पट्टा लावते आणि बाळालाही त्याच पट्ट्यात घेते," आक्का म्हणाली. हे तर आणखी वाईट. आजी ६० किलोची असेल तर त्याच झटक्यात तिच्या शरीराचा भार जवळजवळ एक टन होतो, आणि पट्टा व आजी यांच्यामध्ये बाळ असतं. आणि आजीनं पट्टाच लावला नसेल, तर ती बाळासकट पुढच्या सीटवर आदळते.

आक्का बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "सांग पुढचं."

पुढचं असं, की बाळ म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे. तुमचं-माझं डोकं उंचीच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढं असतं, नवजात बाळाचं मात्र चौथ्या हिश्शाएवढं. वजनाचंही तसंच. एवढं जड डोकं पेलणारी मान मात्र अजून कच्ची. तिचे मणके पुरते हाडाचे झालेले नसतात, हाडाचे तुकडे कूर्चेनं जोडलेले असतात, आणि त्यांना बांधून ठेवणारे बंध सैल असतात. बाळाला उचलताना आपण मानेखाली हात देतो तो याचसाठी. हे आपल्या आज्ज्यांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. गाडीच्या सीटचं सगळं विज्ञान म्हणजे तोच हात, फक्त धडकेच्या वेळीही न सुटणारा.

तो हात द्यायचा कसा, याचं उत्तर स्वीडनमध्ये सापडलं. बर्टिल आल्डमन नावाच्या संशोधकानं पाहिलं, की अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठीवर टेकून झोपतात, म्हणजे प्रचंड जोर सगळ्या पाठीवर वाटला जातो. त्यानं १९६० च्या दशकात मुलांसाठी उलट्या तोंडाची, म्हणजे गाडीच्या मागच्या काचेकडे तोंड असणारी सीट सुचवली आणि १९६४ मध्ये व्होल्वोच्या गाडीत तिच्या पहिल्या नमुन्याची चाचणी झाली. त्याच कंपनीत १९५९ मध्ये निल्स बोहलिन या इंजिनिअरनं आजचा तीन टोकांचा पट्टा आणला होता.

उलट्या तोंडाचं काम कसं चालतं हे समजायला स्वीडनला जायला नको. समोरासमोर बाकं असलेल्या वडापच्या रिक्षात बसलेला कुणीही सांगेल. ड्रायव्हरनं कचकन ब्रेक मारला की पुढं तोंड करून बसलेले समोरच्यांच्या अंगावर जातात. ड्रायव्हरकडे पाठ करून बसलेले मात्र फक्त बाकाच्या पाठीत रुततात. बाळाचंही तेच. उलट्या सीटमध्ये डोकं, मान आणि पाठ एकदमच, एकाच रेषेत थांबतात. सरळ तोंडाच्या सीटमध्ये धड पट्ट्यांनी थांबतं, डोकं पुढं जात राहतं आणि सगळा ताण मानेवर येतो. म्हणूनच युरोपच्या नव्या नियमानुसार निदान १५ महिन्यांपर्यंत बाळाला उलटंच बसवावं लागतं. स्वीडनमध्ये तर चार वर्षांपर्यंत तसं बसवतात.

एक गोष्ट मात्र कधीही करू नये. उलटी सीट ड्रायव्हरच्या शेजारी, एअरबॅग चालू असलेल्या जागी लावू नये. एअरबॅग सेकंदाच्या विसाव्या भागात, ताशी दोन-तीनशे किलोमीटरच्या वेगानं फुगते. मोठ्या माणसाला वाचवणारी ती फुगी बाळाच्या सीटच्या पाठीवर, म्हणजे नेमकी त्याच्या डोक्यामागं आदळते. पुढच्या सन व्हायजरवर खुर्चीतल्या बाळाचं चित्र आणि त्यावर लाल फुली असते, ती याचसाठी. बाळाची जागा मागची.

कायदाही आहे. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत आलेल्या कलम १९४ ब नुसार, १४ वर्षांखालच्या मुलाला पट्ट्यानं किंवा बालसीटनं बांधलेलं नसेल तर एक हजार रुपये दंड होतो. तो कुणाला झाल्याचं आमच्याकडे ऐकिवात नाही. दंडाची वाट पाहत बसायचा हा विषयही नाही.

आता गाडी. ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडे भारत एनकॅप ही क्रॅश चाचणी सुरू झाली. गाडी ताशी ६४ किलोमीटरनं अडथळ्यावर आदळवतात आणि मागच्या सीटवर दीड वर्षाच्या व तीन वर्षांच्या मुलाएवढे पुतळे बसवलेले असतात. जाहिरातीत पाच तारे दिसतात, पण आपण त्याखालचे आकडे पाहायचे. मोठ्या माणसांच्या सुरक्षेला ३२ पैकी गुण असतात, मुलांच्या सुरक्षेला ४९ पैकी. या ४९ पैकी २४ गुण प्रत्यक्ष धडकेतल्या कामगिरीचे. उरलेले २५ गुण बालसीट गाडीत नीट बसते का, तिला अडकवायची सोय काय, पुढची एअरबॅग बंद करता येते का अशा गोष्टींचे. पाच तारे मिळायला मुलांच्या विभागात निदान ४१ गुण लागतात. सुरुवातीला, २०२३ च्या डिसेंबरात, टाटांच्या हॅरियर आणि सफारीचे निकाल आले. दोघींनाही मुलांच्या विभागात ४४.५४ गुण होते. आता बऱ्याच छोट्या गाड्यांचेही निकाल मिळतात. शोरूममध्ये विचारा, "मुलांचे गुण किती?" उत्तर आलं नाही तर घरी येऊन मोबाईलवर पाहा.

आम्ही एका शनिवारी बेळगावात शोरूमला गेलो तेव्हा जावईबापूंच्या मित्राकडून त्याची बालसीट मागून आणली होती. सेल्समन मुलगा सनरूफ दाखवायच्या तयारीत होता. भाची सरळ मागच्या दारापाशी गेली, सीटची बैठक आणि पाठ जिथं मिळतात त्या फटीत बोटं घातली आणि चाचपत म्हणाली, "मामा, लागलं."

तिथं दोन लोखंडी कड्या असतात. ही आयसोफिक्सची जागा. त्या थेट गाडीच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात. सीटचे दोन चिमटे त्यात 'खट्ट' आवाज करून बसतात. तिसरा आधार म्हणजे सीटच्या पाठीमागून जाणारा पट्टा किंवा फरशीवर टेकणारा पाय, नाहीतर धडकेत सीट पुढं कलंडते. आधी गाडीच्या पट्ट्यानंच सीट बांधत. ते चुकीचं नाही, पण त्यात माणसाच्या हातून ढिलाई राहते. ही चूक होऊ नये म्हणूनच आयसोफिक्स आलं.

सीट अडकली. पण ती उलटी असल्यानं बरीच जागा घेते आणि पुढची सीट पुढं सरकवावी लागते. जावईबापू सहा फुटाला टेकलेले. ते स्टिअरिंगपाशी बसले तर गुडघे डॅशबोर्डला लागले. जी गाडी सगळ्यांना आवडली होती ती तिथंच बाद झाली. दुसऱ्या गाडीत सीट डाव्या बाजूला लावली आणि पुढं भाची बसली, तरी पाय मोकळे राहिले. हे पत्रकात कधी कळलं नसतं. आधी सीट घ्यावी आणि ती घेऊन गाडी बघायला जावं, हे मी त्या दिवशी शिकलो.

दारही पाहायचं. टाटांच्या पंच किंवा अल्ट्रोझची दारं जवळजवळ ९० अंशांत उघडतात. सिझर झालेल्या बाईला बाळ ठेवायला वाकून वळावं लागत नाही, हा फायदा लहान नव्हे. फार खाली बसाव्या लागणाऱ्या किंवा फार उंच चढाव्या लागणाऱ्या गाड्या तिला त्रासाच्या. डिकीचे लिटरही बघा. वॅगन आरची ३४१, डिझायरची ३८२. पण सीएनजीची टाकी डिकीत बसवली की पाळणा बसत नाही. टाटांनी २०२३ मध्ये अल्ट्रोझमध्ये दोन छोट्या टाक्या डिकीच्या फरशीखाली घालून यावर उत्तर काढलं.

गाडी कितीही चांगली असली तरी रस्ता आपलाच आहे. भाचीची पाठवणी ऐन ऊसहंगामात येणार. रात्री संकेश्वर-हत्तरगीच्या पट्ट्यात मागचा दिवा नसलेल्या, रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्या चालतात. कधी एकामागं दोन जोडलेल्या, कधी टायर फुटून तिथंच उभ्या. ऐंशीच्या वेगात माणसाला सावध व्हायला एक सेकंद लागतो, तेवढ्यात २२ मीटर जातात. मग कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी ३५. एकूण ५७ मीटर. खालच्या बीमचा उजेड साधारण ५० मीटरच जातो. हिशेब तिथंच चुकतो. शिवाय ट्रॉलीची पाठ गाडीच्या काचेच्या उंचीवर असते. नाक चेपून जोर शोषून घेण्याची गाडीची सगळी योजना त्या उंचीवर कामच करत नाही. पाच ताऱ्यांची चाचणी समोरच्या अडथळ्याची असते, उसाखाली घुसण्याची नव्हे. म्हणून आमचं ठरलंय, बाळाला घेऊन जायचं ते दिवसा, अंधार पडायच्या आत. आणि कारखान्यांनी आपल्या प्रत्येक ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावूनच गाळपाला घ्यावं. एका पट्टीला लागणारे पैसे उसाच्या एका खेपेपुढं काहीच नाहीत.

पावसाळ्यातल्या तवंदीसाठी ईएससी घ्या. गाडी वळणावर घसरू लागली की ही यंत्रणा एकेका चाकाला वेगवेगळा ब्रेक लावून गाडी वळणात ठेवते. दोन मॉडेलमध्ये निवड करायची असेल तर सनरूफऐवजी ईएससीवर पैसे घालावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

बाळ यायला अजून दोन महिने होते, पण प्रवासी तर आताही गाडीत होताच. पोट पुढं आल्यावर बायका पट्टा लावायचं सोडतात. तसं करू नये. खालचा पट्टा पोटाखाली, कमरेच्या हाडांवर सपाट, आणि वरचा दोन्ही स्तनांच्या मधून, पोटाच्या कडेनं. आईला वाचवणं हेच पोटातल्या बाळाला वाचवणं असतं. नव्या गाडीचा वास, म्हणजे प्लॅस्टिक आणि गोंदातून निघणारी रसायनं, त्रास देतो. पहिले काही आठवडे बसण्याआधी काचा उघडून हवा जाऊ द्यावी.

बाळ आल्यावरच्या दोन गोष्टी भाचीनं फ्रीजवर लिहून लावल्या आहेत. एक, सीटमध्ये बाळाला झोपू द्यायचं ते प्रवासापुरतं. मान पुढं कलली की कोवळी श्वासनळी दबते, म्हणून घरी पोचलं की त्याला पाळण्यात ठेवायचं आणि लांबच्या प्रवासात मध्ये थांबायचं. दुसरी, बेळगावच्या गणपत गल्लीत 'पाच मिनिटांत येते' म्हणून बाळाला गाडीत ठेवायचं नाही. उन्हात बंद गाडीचं तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी वाढतं, त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते, आणि बाळाचं शरीर मोठ्या माणसापेक्षा कितीतरी लवकर तापतं.

राहिली पैशांची बाजू. कोल्हापूरला एमएच-०९ पासिंग स्वस्त पडतं म्हणून गाडी तिकडची घ्यायची सवय आपल्याकडे आहे. पण १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी कर्नाटकात ठेवली तर कायद्यानं इथला नंबर आणि इथला कर लागतो. ते आधी धरा. जुनी गाडी घेण्यात गैर नाही, फक्त त्या फटीत बोटं घालून कड्या आहेत का पाहा. बालसीट मात्र अनोळखी माणसाकडून जुनी घेऊ नका. एकदा धडक सोसलेल्या प्लॅस्टिकमधल्या बारीक भेगा डोळ्यांना दिसत नाहीत.

सीट बसवल्यावर दोन तपासण्या करा. जिथं ती अडकवली आहे तिथं धरून हलवा, अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलता कामा नये. मग बाळाच्या खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरून पाहा. चिमटीत आला, तर अजून ढिला आहे, आणखी ओढा. आमच्या घरी गेल्या रविवारी आक्कानंच उशी बांधून ही चिमटी घेऊन पाहिली, आणि पट्टा दोनदा ओढला.